डावी बाजू, उजवी बाजू आणि दोन नादुरुस्त कॅमेरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या परिक्षेत्राचे अधिकारी माननीय साहेब, वाघाला बेशुद्ध करताना स्वतः घामाघूम होणारे आपले पशुवैद्य आणि आजचे प्रमुख पाहुणे डॉक्टर, सत्कारमूर्ती दबेकाका, तेहतीस वर्षं त्यांचे चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढायला लावणाऱ्या काकू, आस्थापना शाखेच्या ताई, माझे सगळे सहकारी, आणि चहा येतो त्या दाराजवळची रांग दुपारपासून धरून बसलेले चालक बंधू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. साडेपाचला ताई काकांचं सेवापुस्तक बंद करून मुख्यालयाच्या टपालात टाकणार. एकदा ते गेलं की त्यात काही बदलता येत नाही. म्हणून आज मला पाचाची सात मिनिटं झाली तर साहेबांनी कृपया घड्याळाकडे बघू नये.

पाहुण्यांसाठी थोडी ओळख करून देते. एका वनरक्षकाकडे जंगलाचा जो तुकडा असतो त्याला आम्ही बीट म्हणतो. सहा नंबरचं बीट काकांचं, सात नंबरचं माझं, आणि मधून एक ओढा वाहतो. काकांचं खरं नाव आज निमंत्रणपत्रिकेवर वाचून निम्म्या लोकांनी विचारलं की हे कोण. दबा धरून बसतात म्हणून ते दबेकाका. तुम्ही झाडाखाली जरा डबा उघडून बसलात, जरा डोळा लागला, की मागून आवाज येतो, "झालं का जेवण?" पाचोळा वाजत नाही, काही नाही. या सभागृहात असा एकही माणूस नसेल ज्याच्या घशात काकांमुळे घास अडकला नाही. साहेब हसताहेत, म्हणजे त्यांच्याही अडकला असणार.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात काकांनी मला ओढ्याकाठच्या मचाणावर नेलं. म्हणाले, "बोलायचं नाही, खाजवायचं नाही, शिंकायचं नाही." तीन तास मी नाक धरून बसले. मग वाघीण आली. पाण्यावर हरणं होती. ती पोट जमिनीला लावून सरकत होती, हरणाने मान वर केली की थांबायची, पुढचा पाय हवेत तसाच. अर्ध्या तासात चाळीस पावलं आली असेल. शेवटी झेप घेतली आणि हरणं झाली पसार. मला वाटलं, आता चिडेल, डरकाळी फोडेल. ती शांतपणे खाली बसली आणि पंजा चाटायला लागली, जणू काही ती पंजा चाटायलाच तिथवर आली होती.

काका कुजबुजले, "दहा-वीस वेळा धावते तेव्हा एकदा पोट भरतं. लोकांना वाटतं रोज मेजवानी." तेव्हापासून काकांची स्कूटर सुरू झाली नाही की ते उतरून आरसा पुसायला लागतात, आणि मला ती वाघीण आठवते.

वाघ आपली हद्द कशी राखतो हेही त्यांनीच शिकवलं. झाडावर मूत्राची फवारणी करायची, बुंध्यावर नखं ओढायची, वाटेवर माती उकरून ठेवायची. पुढच्याने वास घ्यायचा आणि ओळखायचं, कोण आहे, कधी येऊन गेलं, घरात आहे की गावाला गेलंय. शिळा वास आला की पाय पुढे टाकायचा, ताजा आला की निमूट मागे फिरायचं. मारामारी शक्यतो टाळायची, कारण जखमी वाघाला शिकार जमत नाही. एवढी अक्कल आपल्या कार्यालयात असती तर काय हवं होतं? इथे पंख्याखालच्या खुर्चीवर रुमाल टाकून लोक दोन-दोन दिवस रजेवर जातात. आणि साहेब, राग मानू नका, पण तुम्ही बदलून आलात त्या दिवशी पहिलं काम काय केलंत? टेबल खिडकीकडून भिंतीकडे वळवलंत. आधीच्या साहेबांनी ते भिंतीकडून खिडकीकडे वळवलं होतं. आम्ही त्या दिवशी फक्त एकमेकांकडे पाहिलं.

तर आता मुद्द्यावर येते.

चार वर्षांपूर्वी एक आदेश निघाला. ज्या बीटमध्ये वर्षभर एकाही मुक्कामी वाघाची नोंद नसेल ते शेजारच्या बीटमध्ये विलीन करायचं आणि तिथल्या वनरक्षकाला साठ किलोमीटरवरच्या लाकूड डेपोत पाठवायचं. तेव्हा माझी आई नुकतीच पडून अंथरुणाला खिळली होती. सकाळी तिला भरवून मी बीटवर जायचे, दुपारी येऊन कूस बदलून द्यायचे. डेपोत गेले असते तर तिचं कोण करणार होतं? आणि माझ्या बीटमध्ये वाघ होता का? होता. अर्धा.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर मिळून एकच वाघीण राहत होती. तिचा रिवाज ठरलेला होता. काकांच्या काठाने खाली जायची, वळणावर ओढा ओलांडायची आणि माझ्या काठाने वर यायची. नेहमी त्याच दिशेने, जशी आपण झोपण्याआधी कड्या बघत घरभर फेरी मारतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे दोन्ही बाजूंना वेगवेगळे असतात, म्हणून आम्ही वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे लावतो. पण त्या वर्षीच्या पावसात काकांचा एक कॅमेरा रानडुकरांनी पाडला आणि माझ्या एका कॅमेऱ्यात मुंग्यांनी संसार थाटला. दोन्ही दुरुस्तीला गेले. उरलेल्या एकेका कॅमेऱ्यात काकांना मिळाली फक्त डावी बाजू, मला फक्त उजवी. नोंदवहीत दोन वाघिणी लागल्या, सहा नंबरला एक, सात नंबरला एक. सुरुवातीला ती शुद्ध चूक होती, हे मी शपथेवर सांगते.

पुढचं शपथेवर सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी फोटो बघताना माझ्या लक्षात आलं की माझ्या वाघिणीच्या शेपटीचा शेंडा वाकडा आहे. आणि काकांच्या वाघिणीच्याही. खरं सांगितलं असतं तर वाघीण काकांची ठरली असती, कारण ते ज्येष्ठ आणि तिची गुहाही त्यांच्याच काठाला. मी गप्प बसले. दुरुस्त होऊन आलेला दुसरा कॅमेरा बीटवर लावलाच नाही, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि कागदावर लिहिलं, "पुन्हा नादुरुस्त". कधीतरी वाघीण लहर आली म्हणून उलट्या दिशेने यायची, ते फोटो मी "अस्पष्ट" म्हणून बाजूला टाकायचे. इतके स्वच्छ अस्पष्ट फोटो तुम्ही जन्मात पाहिले नसतील.

वाकडी शेपटी साहेबांच्याही नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी वार्षिक अहवालात लिहिलं, "दोन्ही वाघिणी बहिणी असाव्यात, घराण्याचं वैशिष्ट्य दिसतं." साहेब, तो अहवाल मी आजही जपून ठेवला आहे.

चार वर्षं मी मनातल्या मनात हसत होते. ज्या माणसाने मला दबा धरायला शिकवलं त्याच्याच नाकासमोरून मी अर्धी वाघीण पळवली. ते ओढ्यावर भेटायचे, एकच प्रश्न विचारायचे, "आई जेवली का?" मी "हो" म्हणायचे आणि वर मनात म्हणायचे, यांना काही पत्ता नाही.

मागच्या शुक्रवारी हे भाषण करायचं ठरलं. काकांच्या नोकरीच्या तारखा हव्यात म्हणून ताईंकडे सेवापुस्तक मागितलं. ताईंनी नियमाप्रमाणे समोर बसवून वाचायला दिलं. त्यात चार वर्षं ओळीने एकच शेरा होता. "शासकीय साहित्याबाबत बेफिकीर." याच शेऱ्यामुळे उत्कृष्ट सेवेच्या प्रमाणपत्रासाठी त्यांचं नाव चारदा गेलं आणि चारदा परत आलं. आणि शेऱ्याखाली काकांचा खुलासा जोडलेला, त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. मी तो पाठ केलाय. "सहा नंबरचा दुसरा कॅमेरा माझ्या हातून पडून निकामी झाला. सात नंबरचा दुसरा कॅमेराही मीच तात्पुरता मागून घेतला होता, तोही माझ्याच हातून फुटला. सात नंबरच्या वनरक्षक बाईंचा यात काही दोष नाही."

आता बघा. जो कॅमेरा माझ्या ट्रंकेत ब्लँकेटमध्ये झोपला होता, तो यांनी फोडला होता.

मी ताईंच्या टेबलाशी बसूनच राहिले. ताईंनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "अगं, काय झालं?" चार वर्षं मला वाटत होतं की दबा मी धरला आहे. वाघ असाच करतो ना, मागून येतो, मानेवर पकड बसेपर्यंत हरणाला कळत नाही. फरक एवढाच की या वाघाने मला उचलून माझ्याच घरी, आईच्या उशाशी आणून ठेवलं होतं.

काका, मान खाली घालू नका. तुम्ही मचाणावर तीन तास हलू दिलं नव्हतंत, आज तुम्ही हलायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आज एवढी शूर कशी झाली? मी शूर वगैरे काही नाही. वाघीण आपली हद्द सहसा कुणाला देत नाही, पण लेक मोठी झाली की कधी कधी तिला एक तुकडा सोडते आणि स्वतः जरा सरकून घेते. आपल्या वाघिणीने तेच केलं. तिची लेक यंदा ओढ्याच्या माझ्या काठाला राहायला आली. यंदाच्या गणनेला भांडारातून नवे कॅमेरे मिळाले, त्यात दोघींच्याही दोन्ही बाजू आल्या आहेत. अहवालात मात्र "दोन वाघिणी, संख्या स्थिर" एवढंच लिहिलं गेलं. एकीची शेपटी अचानक सरळ कशी झाली, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा साहेब, तुमचा आकडा यंदा खरा आहे, तो बदलायची गरज नाही. आधीच्या चार वर्षांचा मात्र चुकीचा आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

हा माझा कॅमेरा. टेबलावर ठेवते. चालू आहे, डॉक्टरांनी हात हलवून बघावा, लाल दिवा लागेल. बघा, लागला. आणि आज सकाळी मी काकूंना सगळं सांगायला घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून एक बोचकं घेऊन आल्या. काकांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला हा दुसरा कॅमेरा. तोही चालू आहे. काकू म्हणाल्या, "चार वर्षं विचारतेय, या स्वेटरला हात का लावू देत नाही."

म्हणजे दोन माणसं, दोन ट्रंका, दोन उत्तम कॅमेरे, आणि वाघीण एक. मी लपवला तो नोकरी वाचवायला. यांनी लपवला तोही माझीच नोकरी वाचवायला. दोन्हीला सरकारी भाषेत नादुरुस्त म्हणतात.

आमच्या कामात एक नियम फार कडक आहे. एकाच बाजूच्या फोटोवरून कुणाची ओळख पक्की करायची नाही. काकांच्या सेवापुस्तकात गेली चार वर्षं एकच बाजू आहे. म्हणून हे दोन्ही कॅमेरे मी व्यासपीठाच्या दोन टोकांना ठेवते, एक डावीकडे, एक उजवीकडे. काका पुष्पगुच्छ घ्यायला उठतील तेव्हा दोन्ही बाजू येतील. तो फोटो माझ्या भिंतीवर लावायला आहे, पण साहेब, सेवापुस्तकासाठी मी हा कागद आणलाय. माझी लेखी कबुली, तारखेसह, सहीसह. तो शेरा काकांच्या पुस्तकातून काढावा आणि माझ्या पुस्तकात घालावा, एवढी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे, लाकूड डेपो झाला तरी मी काहीतरी मार्ग काढीन. पण आज साडेपाचला ते पुस्तक या कार्यालयातून स्वच्छ बाहेर पडलं पाहिजे. आता चार वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत, आणि ताईंनी येताना पेन आणि शिक्का पिशवीत टाकून आणलाय, हे मला माहीत आहे कारण मीच टाकायला सांगितलं.

ज्यांनी मला हे बोलायची संधी दिली त्या संयोजकांचे आभार. ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे, आणि अजूनपर्यंत घड्याळ न उचलल्याबद्दल साहेबांचे आभार. भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात की बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करावी. मला तसं म्हणायची सोय राहिलेली नाही. चुकलंच आहे, चार वर्षं चुकलंय, आणि ते लिहून साहेबांच्या हाती दिलंय. क्षमा मात्र मी एकाच माणसाकडे मागते, तो माझ्या डाव्या हाताला बसलाय आणि मघापासून चष्मा पुसण्याचं नाटक करतोय.

आणि काका, दुपारी आल्या आल्या तुम्ही मला दारात तुमचा नेहमीचा प्रश्न विचारलात, तेव्हा मी तशीच आत निघून आले. त्याचं उत्तर राहिलंय. हो, आई जेवली.