डोंगराचे वीस आणे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य सोमेश्वर सर, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती भिवराबाई, त्यांच्या घरची मंडळी, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

भिवराबाई अठ्ठावीस वर्षं आपल्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर होत्या. सेवापुस्तकात एवढंच आहे. चौसाळ्यापलीकडच्या डोंगरावर त्यांनी माझ्याबरोबर झाडोरा नोंदवण्यासाठी दोनशे दहा चौकटी आखल्या, हे त्यात नाही.

माझा विषय फझी गणिताने डोंगरावरचे वनस्पतिसमूह ओळखण्याचा. जागा गवताची की झुडपांची, असा एकच शिक्का मारायचा नाही. ती कशात किती बसते, ते आकड्यात सांगायचं. तो आकडा जाणत्या नजरेने द्यावा लागतो. माझी नजर जाणती होती का? पदवी होती.

भिवराबाई आकडा आण्यांत देत, गावाकडे पिकाचा अंदाज सांगतात तसा. सोळा आणे म्हणजे पूर्ण. एका चौकटीला त्या म्हणाल्या, "कुसळी गवत बारा आणे, झुडूप आठ आणे." मी त्यांना न विचारता वहीतल्या त्या आकड्यांवर रेघ मारली आणि दहा व सहा लिहिलं. बेरीज सोळा यायला हवी, असं मला वाटलं. अशा एकाहत्तर नोंदी मी 'दुरुस्त' केल्या. भिवराबाई, हसू नका.

उतारावर डोळ्यांना दिसणारी सरमिसळ गणितात दिसेना. सोमेश्वर सर माझे मार्गदर्शक. ते म्हणाले, "असा प्रबंध मी पाठवणार नाही." तीन वर्षांचं काम होतं. मी वही घेऊन भिवराबाईंकडे गेले.

"मॅडम, ह्ये कुनी खोडलं?"

"मी. बेरीज वीस येत होती."

"मंग येऊ द्या की! गवत बी दाट हाय, झुडूप बी हाय. डोंगर काय तुमच्या वहीला इचारून उगवतो?"

वेगवेगळ्या समूहांतल्या आकड्यांची बेरीज पूर्णाइतकीच यावी, असं बंधन फझी संचांना नसतं. हे मी वर्गात शिकवत होते.

रेघेखालचे आकडे वाचता येत होते. ते जसेच्या तसे घातले. समूह उमटले, प्रबंध मान्य झाला. गेल्या आठवड्यात त्यावरचा शोधनिबंध छापून आला. पहिल्या मसुद्यात भिवराबाईंचा उल्लेख मी 'स्थानिक मदत' असा केला होता. तोही मी खोडला. आता लेखक म्हणून पहिलं नाव त्यांचं आहे, दुसरं माझं. ही एक दुरुस्ती बरोबर झाली.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. त्या एकाहत्तर रेघांची माफी मात्र, भिवराबाई, मी तुमच्याकडे मागते. सगळ्यांसमोर.