पार्सलमधले अकरा ग्रॅम

नाव दाखल्याप्रमाणे लेखनिकांनी वहीत घेतलं आहे. एरवी सगळे मला शिवणमावशी म्हणतात. वय एकसष्ट वर्षं. धंदा शिवणकाम. राहणार बँकेच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला.

मी आज गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपणहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, मला कोणी धरून आणलेलं नाही. माझ्याकडे माणूस पाठवणारच होते, असं इथे आल्यावर कळलं. त्याचा हेलपाटा वाचला.

गेली सात वर्षं मी बँकेची नोटांची पार्सलं शिवते. आमच्या बँकेत जमा झालेल्या जुन्या, मळक्या नोटा दर मंगळवारी शेजारच्या शहरातल्या मोठ्या बँकेत जातात. पूर्वी त्या एक्सप्रेस कंपनी नेत असे. ती कंपनी नोटांच्या किमतीवर शेकडा दर लावायची, वर माणसाचा भत्ता वेगळा. आताचे मॅनेजरसाहेब आले, त्यांनी एक अख्खी दुपार आकडेमोड केली आणि विमा उतरवून टपालाने पाठवलं तर निम्म्यात काम होतं असं काढलं. तेव्हापासून पार्सल टपालाने जातं. टपालवाले विम्याचे पैसे घेतात ते वेगळे, आणि वजनाचे घेतात ते अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने. चार किलोवर एक ग्रॅम गेला तरी साडेचार किलोचे पैसे.

काम असं चालतं. मॅनेजरसाहेब नोटांची बंडलं स्वतः जाड कागदात बांधतात आणि कागदावर बँकेचे शिक्के मारतात. मग तो गठ्ठा, माझं कापड, दोरा आणि लाख असं सगळं काट्यावर ठेवून वजन वहीत लिहितात. त्यांना आम्ही मागे ग्रॅमसाहेब म्हणतो. हे लिहू नका असं मी म्हटलं होतं, पण लेखनिकांनी लिहून टाकलं, तर असू दे. त्यानंतर मी गठ्ठ्यावर कापड शिवते, दरवान शिवणीवर लाखेचे शिक्के देतात आणि पार्सल टपाल कचेरीत घेऊन जातात. तिथे पार्सलच्या खिडकीवर जे कारकून आहेत त्यांना सगळे तोलमामा म्हणतात. ते पुन्हा वजन करतात.

वजन झालं की मॅनेजरसाहेब दर मंगळवारी हळहळायचे. "चार किलो तीनशे साठ! म्हणजे एकशे चाळीस ग्रॅमचे पैसे पाण्यात!" सात वर्षं मी हे ऐकलं. माणूस वाईट नाही, पण त्यांची ती हळहळ मला ऐकवत नसे. पैसे भरलेली जागा आणि रिकामी जाते म्हणजे काय!

मोठ्या बँकेत पार्सल उसवायचं काम माझी धाकटी बहीण करते. ती तिथे झाडलोटीला आहे. ती कॅशियरसमोर टाके कापते, कागदाचा गठ्ठा त्यांच्या हातात देते आणि कापड फरशी पुसायला घेऊन जाते. त्या कापडाला तळाशी मी दुहेरी दुमड घालते. त्या दुमडीत मी वस्तू ठेवत आले, हे मी कबूल करते. नोटांच्या कागदाला माझी सुई आजवर लागलेली नाही. कागदावरचे शिक्के तपासून पाहावेत.

काय काय पाठवलं, असं इथल्या ठाण्याच्या साहेबांनी विचारलं. सगळं आठवत नाही. पहिल्यांदा मेहुण्यांच्या कोटाचं बटण पाठवलं. मग बहिणीचा चष्मा, दांडी बसवून. आईचा फोटो, चौकटीतून काढून. झेंडूचं बी. गेल्या हिवाळ्यात एक लोकरीचा स्वेटर पाठवला, तो पाच मंगळवारांत गेला: पाठ, दोन बाह्या आणि पुढचे दोन भाग. बहिणीने तिकडे जोडला. एक बाही तिने उलटी लावली, ते मी इथून कसं सांगणार! वजन टप्प्याच्या बाहेर कधी जाऊ दिलं नाही. बँकेने भरलेल्या पैशांपेक्षा एक पैसा जास्त पडला नाही, या मंगळवारपर्यंत.

साधं टपाल का नाही केलं, असं साहेबांनी विचारलं. एका बटणाला बटणापेक्षा जास्त तिकीट लागतं. पत्र म्हणाल तर बहिणीला वाचता येत नाही. पत्र मेहुणे वाचतात आणि ते चाळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचतात. बटण कोणाकडून वाचून घ्यावं लागत नाही. माझा गुडघा आणि तिची नोकरी यामुळे आमची भेट चार वर्षांत झालेली नाही.

आता घडलं ते सांगते. बहिणीला नात झाली, असं मेहुण्यांचं पत्र आलं. महिनाभर आधीच आली, त्यामुळे लहानखुरी आहे, पाय माझ्या अंगठ्याएवढे. मी मोजे विणले. डावा मोजा मागच्या मंगळवारी गेला, उजवा विणून व्हायचा होता. या मंगळवारी मॅनेजरसाहेबांनी वजन सांगितलं चार किलो चारशे नव्वद, आणि खूश होऊन टाळी वाजवली, कारण फक्त दहा ग्रॅम वाया जात होते. मोजा अकरा ग्रॅमचा. मी घरी तोलला होता.

खरं तर थांबायला हवं होतं. पण पोरगी आठवडाभर एकाच पायात मोजा घालून बसणार, हे काही मला बघवेना. मी कापडाची कड कापली, साधारण तीन ग्रॅमची पट्टी निघाली. म्हटलं, झालं, चार किलो चारशे अठ्ठ्याण्णव. पण कड कापल्यामुळे शिवणीजवळ धागे सुटलेले दिसायला लागले. दरवानांना वाटलं कापड तकलादू आहे, म्हणून त्यांनी काळजीपोटी डब्यातली लाख घेऊन दोन शिक्के जास्त दिले. त्यांचे झाले सहा ग्रॅम. दरवानांचा यात काही दोष नाही. तोलमामांच्या काट्यावर पार्सल भरलं चार किलो पाचशे चार. चार ग्रॅमसाठी पुढच्या अर्ध्या किलोचे पैसे पडले.

दरवान पावती घेऊन आले तेव्हा मी घरी गेले होते. मॅनेजरसाहेब एरवी पावतीवरचे पैसेच पाहतात; या वेळी ते वाढलेले दिसले म्हणून त्यांनी वजनही पाहिलं, डोक्याला हात लावला आणि मग त्यांच्या डोक्यात भलतंच आलं. बँकेतून निघताना चार किलो चारशे नव्वद, टपालात पाचशे चार, म्हणजे वाटेत किंवा टपालात कोणीतरी पार्सल उघडलं! त्यांनी पार्सल थांबवलं आणि तक्रार दिली. काल बुधवारी सकाळी ठाण्यात कापड उसवलं, तेव्हा दुमडीत मोजा सापडला. पंचनाम्यात तो "लहान मापाचा संशयास्पद मोजा" असा लिहिला आहे. त्या मोज्याला संशयास्पद म्हणणाऱ्याने एकदा तसला विणून दाखवावा. शेवटी सगळा आळ तोलमामांवर आला आणि टपाल कचेरीने त्यांना कामावरून बाजूला केलं.

हे मला आज सकाळी कळलं. त्यांची बायको पडदे शिवायला टाकायला आली होती. ती म्हणाली, "ह्यांनी काल डबा घरी येऊन उघडला आणि खिडकीशी बसून खाल्ला. आजही भरून द्यायला लावलाय." तोलमामांना निवृत्त व्हायला दोन महिने राहिले आहेत. छत्तीस वर्षांत त्यांच्या काट्यात एका ग्रॅमचा फरक निघालेला नाही. हे ऐकून मी मशीन तशीच सोडून आले. पायात कोणती चप्पल घातली हेसुद्धा इथे आल्यावर पाहिलं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती नीट लिहा. तोलमामांना सगळं ठाऊक होतं. गुडघा जवळच्या जवळ चालू देत होता तोवर दरवानांबरोबर मीही खिडकीवर जायची. ते पार्सल काट्यावर ठेवताना तळाच्या दुमडीवरून अंगठा फिरवायचे. चष्मा होता तेव्हा म्हणाले, "आज कडक आहे." स्वेटराच्या वेळी म्हणाले, "आज मऊ आहे, मावशी." बाकी एक शब्द नाही. काल पोलिसांनी त्यांना दोन तास विचारलं, तरी त्यांनी एवढंच सांगितलं की, माझं वजन बरोबर आहे. माझं नाव घेतलं असतं तर ते पाच मिनिटांत सुटले असते. नाही घेतलं. मला याची लाज वाटते आणि अभिमानही वाटतो. दोन्ही लिहा.

साहेबांनी मॅनेजरसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी आल्या आल्या कागद मागितला आणि सात वर्षांची बेरीज मांडली. बँकेचं नुकसान निघालं फक्त या मंगळवारच्या अर्ध्या किलोचं. ते पैसे मी टेबलावर ठेवले, त्यांनी पावती दिली. मग तीच बेरीज त्यांनी खालून वर पुन्हा केली. मला वाटलं, झालं, आता पार्सलं पुन्हा एक्सप्रेसला जाणार आणि माझं काम गेलं. तर म्हणतात कसे, "म्हणजे मी सात वर्षं दर मंगळवारी उगाचच हळहळलो की!" त्यांनी तक्रार मागे घेतली. पुढच्या मंगळवारपासून वजन शिवून झाल्यावरच करायचं आणि दुमडीत काही असेल ते आधी त्यांना दाखवायचं, असं ठरलं.

साहेबांनी माझ्यासमोर टपाल कचेरीत फोन लावला. तोलमामा अकरा चाळीसला खिडकीवर बसले, असा उलट फोन आला. डबा सोबत नेला की नाही ते विचारायचं राहिलं.

या जबाबाची प्रत बहिणीच्या शहरातल्या ठाण्याला टपालाने जायची आहे, कारण तिचाही जबाब घ्यावा लागेल असं साहेब म्हणाले. मी लेखनिकांना पाकीट तोलायला लावलं. एकतीस ग्रॅम भरलं. तिकीट पन्नास ग्रॅमपर्यंतचं लावलेलं आहे. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघतच त्यांनी लेखनिकांना सांगितलं ते असं, आणि ते माझ्या जबाबात घ्यायला माझी हरकत नाही: "सदर मोजा बहिणीस दाखवून ओळख पटवून घ्यावी. ओळख पटवण्यासाठी तो बाळाच्या पायात घालून पाहावा. बसल्यास परत पाठवू नये."

वर लिहिलेलं सगळं लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन जागी त्यांना हसू आलं, तिथे थांबून पुन्हा वाचायला लावलं. मी सांगितलं तसंच आहे, कमी नाही, जास्त नाही. म्हणून खाली सही केली.

सोबत: मोजा, उजवा, नग एक. पाकिटाचं एकूण वजन बेचाळीस ग्रॅम. आठ ग्रॅम शिल्लक.