चटणीतला ण

माझी फजिती ऐका. सोलापुरात आमच्या शेजारच्या सुमनकाकू घरी केलेली शेंगाचटणी वेबसाइटवर विकतात. एकदा बघितलं, तर पानभर 'शेंगाचटनी'! तीस वर्षं मराठी शिकवलंय मी, राहवलं नाही. काकूंना विचारून सगळीकडे 'चटणी' करून टाकलं.

आठवड्यानं काकू दारात. "गुरुजी, आदी गूगलवर आमी सगळ्यांत वर दिसायचो. आता कुटंच न्हाय. फोनबी बंद!"

"अहो, पण आता शुद्ध झालंय की."

"व्हय, पण लोकं 'चटनी'च लिहून शोधत्यात!"

मग काय, मीच बसून प्रत्येक 'ण'चा परत 'न' केला. चार दिवसांत फोन सुरू झाले. पहिली ऑर्डर देणाऱ्याचं नाव काकूंनी मला मुद्दाम हाक मारून सांगितलं. माझाच विद्यार्थी, मराठीत वर्गात पहिला आलेला.