रंगनाथानं गंगेत काय सोडलं?

मंडळी, आज एकच सवाल! देवासाठी सोडायचं ते काय — आवडतं की नावडतं? बोला पटकन! ...गप्प झालात ना? होणारच! काशी करून आलेले चारपाच जण पुढंच बसलेत!

तर ऐका. रंगनाथ शिंपी. वय एकोणपन्नास. दिवसभर मशीनवर बसून. जेवायला लोणचं, पापड, तळलेली मिरची — आणि भाजी चाखायच्या आधीच वरून मीठ! एक दिवस कापड बेतताना डोळ्यांपुढं अंधारी आली. कात्री पडली, मागोमाग हा! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. वर एकशे ऐंशी, खाली एकशे दहा!

म्हणाल्या, "गोळी रोज घ्यायची. मला विचारल्याशिवाय सोडायची नाही. पण रंगनाथराव, गोळी एकटी किती झुंजणार? मीठ कमी करा, चालायला लागा. नाहीतर एखाद दिवशी हा उजवा हात उचलणार नाही."

शिंप्याचा उजवा हात, मंडळी! संसार त्याच्यावर!

बायको चांगुणा म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात काशीला निघालोच आहोत. तिथं एक वस्तू सोडतात ना? तुम्ही लोणचं सोडा. मग जन्मभर तोंडाला लावता येत नाही."

"सोडतो की! त्यात काय?"

गेले. रंगनाथ गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभा. गुरुजी विचारतात, "काय सोडता?" — आणि याला दिसली बरणी! त्या फोडी! तो लालभडक खार! आणि काय बोलला हा? "कारलं!"

जन्मात कारल्याला हात न लावलेला माणूस! हसता काय? खांबाजवळचे आप्पा, तुम्ही काय सोडलंत? दोडका? बसा खाली!

चांगुणेनं ऐकलं. तिनंही डोळे मिटून काहीतरी सोडलं.

घरी आले. रंगनाथाच्या ताटात लोणचं आहे, चांगुणेच्या नाही! चार दिवस झाले, आठ दिवस झाले. अहो, ही बाई लग्न होऊन आली तीच माहेरच्या लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन! शेवटी त्यानं विचारलं, "अगं, तुझ्या ताटात फोड कशी नाही?"

"मी सोडलं काशीला."

"तू? तुला कुठं बीपी आहे?"

"मला बीपी नाही हो. मला नवरा आहे."

घास हातातच राहिला, मंडळी! सांगताना मलासुद्धा भरून येतं. तसाच उठला. देवघरापुढं बसला, तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं. "देवा, तिथं खोटं बोललो. आता खरं सोडतो." — आणि उदक सोडलं!

पहिले दहा दिवस जेवण घशाखाली उतरेना. चांगुणा लिंबू पिळायची, लसणाची फोडणी द्यायची. पहाटे दोघं कालव्याच्या कडेनं चालायला निघाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, पण ती दोघं बरोबरीनं चालली ती पहिल्यांदाच! सहा महिन्यांनी पट्टा गुंडाळला. एकशे चौतीस, खाली चौऱ्याऐंशी! डॉक्टरीणबाईंनी स्वतःच गोळी अर्धी केली. आणि रंगनाथानं त्याच उजव्या हातानं चांगुणेला खणाची चोळी शिवली!

बायांनो, तुम्हीही दवाखान्यात जाऊन पट्टा बांधून घ्या हो, फक्त नवऱ्याला ढकलू नका!

आता पंगत बसेल. पहिल्यांदा मीठवाला येईल. चाळिशी ओलांडलेल्यांनो, पानावर हात आडवा धरा! आणि घरी गेल्यावर कारभारणीला एवढं विचारा — माझ्यासाठी तू गुपचूप काय काय सोडून बसलीयेस?