पालमची गाडी

अरे, आमच्या गौरीची गंमत ऐका! परभणीत डॉक्टरनं तिला लांबचं दिसत न्हाई म्हणून चष्मा दिला. पोरगी काही केल्या घालेना. "वर्गातली पोरं चिडवतेत," म्हणत स्टँडवर रडायली. मी म्हणलं, "इथं तुला कोण ओळखतंय? गाडी येईपर्यंत तरी घाल."

तिनं घातला, इकडंतिकडं बघितलं अन् किंचाळलीच, "पप्पा, पालम! पालमची गाडी निघायली!"

तिची समजूत काढताना माझं लक्षच न्हवतं, अन् आमच्या गावाकडं जायची शेवटची गाडी होती ती! पिशव्या उचलून आमी पळत सुटलो अन् कसंबसं चढलो. धापा टाकत गौरी म्हणती, "पप्पा, पाटी लांबून वाचता येती व्हय? मला वाटायचं, सगळे अंदाजानंच पळतेत!"