बाहीवरचा नारिंगी टाका

बारकी : काकू, या बाहीवरचा टाका कुठं गेला?

काकू : कुठं जाणार? काढला मी. तिथं रफू केलंय, बोट फिरवून बघ, लागतंय का हाताला? माझं रफू एकदा झालं की मलासुद्धा परत सापडत नाही.

बारकी : मी काढायला सांगितलं नव्हतं.

काकू : सांगायला कशाला हवं? निळं जाकीट आणि त्यावर नारिंगी दोरा, तोही ढांगा टाकत गेलेला. लग्नाच्या दिवशी पोशाखावर हेच घालणार म्हणालीस ना? मग ते तसं कसं ठेवू? चारचौघांत एखाद्याच्या दाताला काही अडकलेलं दिसलं तर तू गप्प बसशील. मला नाही बसवत.

ताई : चांगलं केलंत, काकू. मी तर म्हणते जाकीटच नको. बारके, बाही सोड आणि जरा सरळ उभी राहा, पोशाखाचा घेर बघायचाय. बारके? थांब. तू रडतेयस?

बारकी : नाही. धागे उडतात इथं.

ताई : धागे उडाले तर एका डोळ्यात जातात. तुझे दोन्ही भरलेत.

बारकी : दोन धागे उडाले असतील.

ताई : एका जुन्या टाक्यासाठी? हे जाकीट घरातल्या खिळ्याला अडकून फाटलं. मी म्हटलं होतं सुट्टीच्या दिवशी शिवून देते. त्याच्या आतच तू शिवून मोकळी झालीस, मला दाखवलंही नाहीस. मीच शिवलं म्हणालीस.

बारकी : हो.

ताई : तुला बटण लावता येत नाही.

बारकी : तेव्हा आलं.

ताई : आणि स्वतःचाच टाका निघाला म्हणून कुणी रडतं?

काकू : अहो, नवरी आहे. मागच्या आठवड्यात एक नवरी माझ्या इस्त्रीची वाफ बघून रडली होती. लग्न जवळ आलं की डोळ्यांना निमित्त लागतं.

ताई : हिला नाही लागत. दाढ काढताना ही डॉक्टरला गोष्टी सांगत होती. काकू, मला एक सांगा. हे जाकीट तुमच्याकडं आलंच कसं? आपण तर पोशाख शिवायला टाकला होता.

काकू : मीच मागवलं. माझी रीत आहे ती. नवरी आली की मी कात्री बाजूला ठेवते. म्हणते, घरातलं तुझं सगळ्यात झिजलेलं कापड आण. माणूस आवडीचं बोलताना खोटं बोलतं, झिजवताना नाही बोलत. आणि ही पहिल्यांदा आली तेव्हा काय अवतार होता, आठवतंय ना? गळ्यात आत्याची मोत्यांची माळ, पायात मैत्रिणीच्या उंच टाचा, होणाऱ्या सासूबाईंनी पाठवलेलं चमकीचं कापड, आणि तुम्ही मासिकातून कापून आणलेली ती फुग्याची बाही.

ताई : ती बाही छान होती.

काकू : बाही छानच होती. माळही छान होती. सगळं छान होतं आणि त्यात नवरी सापडत नव्हती. दुकानाच्या काचेतली बाहुली बरी, तिला निदान एकाच माणसानं नटवलेलं असतं.

ताई : मग जाकीट आणलं आणि नवरी सापडली.

काकू : लगेच. धुऊन धुऊन मऊ पडलेला हा निळा. तसंच कापड शोधलं. सपाट बूट. केस मागे, साध्या फितीत. चमकी गेली, माळ गेली. मोठे खिसे. आणि कडेनं सगळीकडं नारिंगी शिवण.

ताई : नारिंगी?

काकू : घेराला, खिशांना, गळ्याला. बुटांच्या नाड्या नारिंगी. केसांची फीत नारिंगी. जाकीट आणलं त्याच दिवशी पाठ केल्यासारखं सांगितलं हिनं. मला वाटलं, असेल आवडता रंग.

ताई : आणि जाकिटावरचा नारिंगी टाका उसवताना तुमच्या डोक्यात काही आलं नाही?

काकू : खरं सांगू? नाही आलं. डोळ्याला फाटलेलं दिसलं, हात गेले. हात काय मला विचारून जातात? चुकलंच, पोरी. मला आत्ता कळतंय, तो टाकाच तर तू दाखवायला आणला होतास.

बारकी : राहू दे, काकू. तुम्हाला काय माहीत.

ताई : मला तरी कुठं काय माहीत. बारके, इकडं बघ. आरशात नको, माझ्याकडं. तुला आजवर दोन मोजे जुळवता आले नाहीत. नोकरीच्या मुलाखतीला एका पायात काळा आणि एका पायात राखाडी घालून गेलीस. आणि आता डोक्याच्या फितीपासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं एकाला एक. हे तुझं डोकं नाही. कुणीतरी आहे यामागं.

बारकी : कुणी नाही.

ताई : तो तुझा कॉलेजातला गिटारवाला आहे का?

बारकी : ताई, त्याला तर शर्टाची कॉलर आत की बाहेर तेही कळायचं नाही.

ताई : मग कोण? रविवारी कुठं जातेस?

बारकी : पोहायला.

ताई : केस कोरडे घेऊन येतेस. पिशवीतला टॉवेल घडी घातलेला असतो तसाच परत येतो, मीच घातलेली घडी. मी बोलले नाही. म्हटलं, लग्न ठरलंय, दोघं फिरत असतील. पण परवा रविवारी जावईबापू मला बाजारात भेटले. एकटे. मला बघून भाजी न घेताच पळाले.

बारकी : तो तुला घाबरतो.

ताई : माणूस उगीच घाबरत नाही. त्यांना ठाऊक आहे तू कुठं जातेस?

बारकी : आहे. पत्ता त्यानंच शोधून दिला, आणि तोच स्कूटरवरून सोडतो.

ताई : म्हणजे दोघांचं संगनमत आहे. आणि मी घरी बसून टॉवेलच्या घड्या घालते.

काकू : मी जरा चहाचं बघते आत.

ताई : तुम्ही इथंच थांबा, काकू. तुम्हालाही ठाऊक आहे का हे?

काकू : मला? माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. मला कुणी काही सांगत नाही आणि मी कुणाला विचारत नाही.

ताई : तो काढलेला दोरा कुठाय?

काकू : टाकला असेल. थांबा. टाचण्यांच्या उशीला गुंडाळायची खोड आहे मला. हा काय. लांब टाके होते, एक टोक धरून ओढलं तर अख्खा निघून आला.

बारकी : ताई, नको बघूस. दे तो मला.

ताई : का? दोराच तर आहे.

(ताई दोरा खिडकीच्या उजेडात धरते. दोऱ्याला टाक्यांच्या घड्या तशाच राहिल्या आहेत.)

ताई : लांब, आखूड. लांब, आखूड. आणि शेवटी गाठ नाही, उलटा फास.

बारकी : ताई.

ताई : दिवसभर औषधांच्या खिडकीवर बसते मी. डॉक्टरांची सही झाकून चिठ्ठी दिली तरी कुणाचा हात आहे ते सांगते. कुठं राहते ती?

बारकी : कोण?

ताई : पुरे आता. कुठं राहते आई?

बारकी : नदीपलीकडं. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात आहे. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, फाटलेलं सगळं तिच्या टेबलावर येतं. वरच्या खोलीत राहते. एकटीच.

ताई : एकटीनंच राहायचं होतं तर आपण काय वाईट होतो?

बारकी : ते मी विचारलं नाही.

ताई : मग काय विचारलंस? इतके रविवार काय बोलता दोघी?

बारकी : पहिल्या दिवशी काहीच नाही. मी दार वाजवलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाहीकडं बघितलं. म्हणाली, काढ ते. तिच्या सुईत नारिंगी दोरा ओवलेला होता, तोच घातला. मी म्हटलं दिसेल ना. तर म्हणाली, दिसू दे. फाटलेलं दिसलं की हात तिथं जपून जातो.

ताई : हे ती माझं शाळेचं दप्तर शिवताना म्हणायची. पोरी हसायच्या मला.

बारकी : मग तिनं विचारलं.

ताई : काय?

बारकी : तुझंच. मोठी अजून खालचा ओठ चावते का, म्हणून.

ताई : मी कुठं चावते?

काकू : चावताय.

ताई : काकू, तुम्ही चहाचं बघणार होतात.

काकू : आता नाही जात.

ताई : ती गेली त्या दिवशी तू तापात होतीस, बारके. सकाळी कामाला म्हणून गेली. जाताना मला म्हणाली, हिच्या कपाळावरची पट्टी बदलत राहा. मी बदलत राहिले. संध्याकाळ झाली, बाबा आले, तरी मी बदलतच होते. मला वाटलं, मी थांबले आणि ती आली तर रागवेल.

बारकी : तू हे कधी सांगितलं नाहीस.

ताई : तू लहान होतीस. मग मोठी झालीस, तर वाटलं कशाला. तुझ्या वेण्या मी घातल्या, शाळेच्या शिक्षकांची बोलणी मी ऐकली, मुलगा बघायला मी गेले. आणि लग्नाच्या दिवशी तू उभी राहणार ती तिच्या दोऱ्यात, डोक्यापासून पायापर्यंत. मला सांगायचं तरी. म्हणजे मी फुग्याच्या बाह्या कापत बसले नसते.

बारकी : सगळं तिचं नाही.

ताई : मला दिसतंय ना.

बारकी : नाही दिसत तुला. खिसे बघ.

ताई : काय खिसे? एवढाले खिसे नवरीच्या पोशाखाला शोभतात का, ते मी आल्यापासून विचारणारच होते. काय ठेवणार आहेस त्यात, वाण्याचं सामान?

बारकी : हात घालून बघ. काकू, सांगा ना तिला.

काकू : सांगू नका म्हणाली होतीस, म्हणून गप्प होते. ताई, त्या खिशांचं माप मी तुमच्या पांढऱ्या कोटावरून घेतलंय. खिडकीवर घालता तो. ही एका दुपारी गुपचूप घेऊन आली होती. उजवा खिसा जरा खाली ओघळलाय, तो तसाच ओघळलेला हवा म्हणाली.

ताई : माझा कोट धुवायला गेला होता ना?

बारकी : इकडं आला होता. तू नोकरीला लागलीस तेव्हा मला शाळेतून घ्यायला तशीच यायचीस, कोटातच. बाजारातल्या गर्दीत मला तुझा हात धरता यायचा नाही, तुझ्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. तू म्हणायचीस, खिशात हात घाल आणि काढू नकोस.

ताई : तो उजवा खिसा तूच ओढून ओढून ओघळवलास.

बारकी : म्हणून तर. तू म्हणतेस तसं कुणी शिकवलं नाही मला, ताई. काकू म्हणाल्या झिजलेलं आण. मी कपाट उघडून बसले तर माझं असं झिजलेलं दोनच ठिकाणी सापडलं. एक ही बाही आणि एक तुझा खिसा. बाकी बूट तेवढे माझे. उंच टाचांवर मी पडते.

काकू : पडते खरंच. इथंच पडली होती, आरशासमोर.

ताई : बोलावलंयस तिला?

बारकी : नाही. तुला विचारल्याशिवाय कसं बोलावणार? म्हणून टाका घालून फिरणार होते तुझ्यासमोर. म्हटलं, तू ओळखशील, चिडशील, मग तूच विषय काढशील. मला काढता येत नव्हता.

ताई : आणि काकूंनी रफू केलं.

काकू : आणि काकूंनी रफू केलं. बोला आता, किती वेळा बोलायचंय ते.

ताई : ती काय म्हणाली? लग्नाचं?

बारकी : म्हणाली, मोठी म्हणेल तसं. ती नको म्हणाली तर लग्न आहे त्या बागेच्या फाटकाबाहेर उभी राहीन, कुणाला कळणार नाही.

ताई : कळणार नाही म्हणे. मला कळेल ना. मी सगळं लग्न फाटकाकडं बघत काढीन. ती आली का, ती गेली का. तेवढंच करत बसले आयुष्यभर.

बारकी : मग नको म्हणून सांगू का?

ताई : काकू, ते जाकीट इकडं द्या. आणि सुई. बारीक नको, जाड.

काकू : काय करताय? माझं रफू उसवणार?

ताई : तुम्हालाच सापडत नाही म्हणता, मला कुठं सापडणार. ते राहू दे आत. मी वरून घालते. हाच दोरा ओवते, पुरेल.

काकू : वाकडा झालाय तो. नवीन देते, नारिंगीची अख्खी रिळं आहेत.

ताई : वाकडा आहे म्हणून बरा. कुठं वळायचं ते त्याला ठाऊक आहे.

बारकी : तुला येतो हा टाका?

ताई : मला शिकवला होता तिनं. तुला शिकवायचा माझ्याकडून राहिला. जाकीट अंगात घाल, अंगावरच घालते. हात पुढं कर, असा. हलू नकोस, टोचेल.

बारकी : ताई, ओठ.

ताई : चावू दे. लांब. आखूड. लांब. काकू, त्या बागेच्या फाटकाशी दुपारचं ऊन येतं ना?

काकू : रणरणतं. सावलीला एक झाड नाही तिथं.

ताई : मग तिला म्हणावं, तिथं उभं राहू नकोस. आत खुर्च्या आहेत.