गाडी माझ्या हातात हुती

काकासाहेब : त्या सकाळी तुला पहिला फोन मीच केला होता, सहादेव. पोलिसांच्याही आधी. निदान तेवढं तरी आठव.

सहादेव : आठवतंय साहेब. दीड वरीस झालं, दुसरं काय आठवतच न्हाई.

ज्योती : फोन केलात, उपकार झाले. पण माझी आई गेली ती तुमच्या अमृतच्या गाडीखाली. कोर्टानं परवा त्याला दोषी ठरवलं, उद्या नगरला शिक्षा ठरणार. आणि आज तुम्ही आमच्या ओट्यावर! कशासाठी?

काकासाहेब : ज्योती, चहा देऊ नकोस, पण ऐकून तर घे. आमचे वकील म्हणतात, शिक्षा देताना माणूस कसा वाढला तेही जज्ज बघतात. अमृतला आमच्या घरात कुणी कधी ‘नाही’ म्हटलं नाही. मागायच्या आधी मिळत गेलं. चुकला तर कान धरणारं कुणी नव्हतं. मग बरंवाईट कळायचं कुठून? हे घरातल्या कुणीतरी सांगायला हवं. सहादेवनं सव्वीस वर्षं आमची गाडी चालवली. पोरगं त्याच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायला शिकलं.

ज्योती : म्हणजे मेलेल्या बाईच्या नवऱ्यानंच सांगायचं, पोरगं लाडावलेलं होतं हो, शिक्षा कमी करा?

काकासाहेब : खोटं आहे का ते?

सहादेव : न्हाई. खरंच हाय.

ज्योती : अण्णा! अहो, ऊसतोडीवर पाचटाच्या कोपीत वाढलेलं पोरगं विहिरीवरची मोटर चोरताना सापडलं, तर त्याला कुणी विचारतं का, बाबा तू कसा वाढलास? त्याला काहीच मिळालं नाही, तरी त्याचं काही कमी होत नाही. आणि ह्याला सगळं मिळालं, म्हणून ह्याचं कमी?

काकासाहेब : तुझं बरोबर आहे. पण मी बाप आहे गं. दहा वर्षं होतील म्हणतात वकील. चोवीस वर्षांचा आहे तो.

ज्योती : माझी आई त्रेपन्नची होती. तिचं कुणी मोजलं नाही.

सहादेव : थांब जरा. साहेब, उद्या मी काय काय बोलायचं ते सांगा.

काकासाहेब : एवढंच. लाडात वाढला, मनानं वाईट नाही.

सहादेव : घोडेगावचं सांगू?

काकासाहेब : ते कशाला आता?

ज्योती : घोडेगावचं काय? शमशेर नावाचा माणूस ना, बाजारात घुंगरमाळा विकणारा? तो तुमच्या गाडीखाली आला होता, अण्णा. सहा महिने लायसन गेलं होतं तुमचं.

सहादेव : गाडी अमृतच्या हातात हुती. सोळा वर्सांचं पोरगं. म्हशी बघाया गेल्तो, बाजार भरलेला. म्हनला, काका मी घेतो. मी दिली. मानूस खाली आल्यावर साहेबांना फोन लावला, म्हनले, जागा बदल. बदलली. ह्यो मागं बसून वेफर खात हुता. शमशेरभाई रस्त्यात वरडतोय, आन ह्यो मला इचारतो, ‘काका, आता घरी जायचं ना?’

काकासाहेब : त्याच्या दवाखान्याचं सगळं मी बघितलं होतं.

सहादेव : बघितलं की. पन पोराला एकदा तरी नेलं का त्याच्यापुढं? तुमी न्हाई नेलं, मी बी न्हाई. साहेब, लाड म्हंजे निसती जीप न् मोबाईल न्हवं. त्याचा सगळ्यात मोठा लाड मीच हुतो. आन त्या सकाळच्या फोनचं? ते बी सांगू?

काकासाहेब : पोरीसमोर नको, सहादेव.

ज्योती : काय होतं फोनमध्ये? आई गेली हे कळवायलाच केला होता ना?

सहादेव : तवा त्यांना बी ठावं नव्हतं कोन गेलंय. म्हनले, ‘मिरजगाव रस्त्याला अमृतच्या गाडीखाली बाई आलीय. लवकर पोच. नेहमीसारखं.’ मी म्हनलो, ‘व्हय साहेब.’ कोन बाई, जिती हाय का मेली, काय इचारलं न्हाई. गेलो. हवालदाराला सांगितलं, गाडी माझ्या हातात हुती. त्यानं लिहून घ्याया कागद काढला. मग कडंला आपली दुधाची किटली दिसली.

ज्योती : सही केलीत?

सहादेव : न्हाई. हात उचललाच न्हाई.

ज्योती : आणि किटली दुसऱ्या कुणाची असती तर?

सहादेव : तर केली असती.

काकासाहेब : हे कोर्टात बोललास तर मी अडकेन. तूही अडकशील.

सहादेव : अडकू की. लाडात वाढला म्हनायचं, तर वाढवला कुनी तेबी सांगाया पायजे. अर्धं सांगाया मी येनार न्हाई. शिक्षा कमी करायची का न्हाई, ते जज्जसाहेब बघतील.

काकासाहेब : मग येऊच नकोस तू.

सहादेव : येनार. सरकारी वकिलाला म्हनन, मला बोलायचंय. पैल्यांदाच तुमास्नी न्हाई म्हनतोय, साहेब. लई उशीर केला.

(काकासाहेब उठून जातात. त्यांची गाडी रस्त्याला लागते.)

ज्योती : तुमचं ऐकून जज्जांनी खरंच कमी केली तर?

सहादेव : व्हईल बी. त्यो दहा वर्सं आत बसला तरी मला बरं वाटनार न्हाई. ल्हान हुता तवा गाडीत झोपायचा, एका हातानं त्याची मान सावरत आनायचो.

ज्योती : घोडेगावचं आईला माहीत होतं?

सहादेव : न्हाई. तिला वाटायचं, त्या मानसाचा पाय माझ्याच हातनं गेला. सहा वर्सं त्याच्यासाठी बेस्तरवार धरला तिनं. उपाशीपोटी डेअरीवर दूध घालाया जायची. मी बघत ऱ्हायचो. त्या दिवशी बी बेस्तरवारच हुता.

ज्योती : सांगायचं होतं तिला.

सहादेव : सांगनार हुतो. ऱ्हायलं.